पाडणाऱ्याचं अर्धं सूत

मामा,

तुझी पट्टी माझ्याकडे आहे. सहा इंची, पोलादी, एका टोकाला गंजाचा ठिपका असलेली. आई तुझे शर्ट कुणाला तरी द्यायला बांधत होती, तेव्हा एकूण एक शर्टाच्या खिशावर पट्टीएवढा उभा डाग निघाला. "घासून घासून माझे हात गेले, पण दादाचा हा डाग काही गेला नाही," म्हणाली आणि तशीच गठ्ठ्यावर डोकं टेकून रडायला लागली. मी रडले नाही. मी पट्टी उचलली आणि समोरच्या टीव्हीला लावून बघितली. टीव्ही बंद होता. सवय, दुसरं काय.

तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. लोक येतात, चहा घेतात, तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलतात. त्यांच्या बोलण्यातला तो शांत, सोशिक, देवमाणूस मला एकदा तरी भेटायला हवा होता. हट्टी, शंकेखोर, पाहुण्यांनी आणलेला अर्धा किलो पेढासुद्धा वजन करून बघणारा माझा मामा त्यात औषधालाही सापडत नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. शिवाय आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि मी तुझ्याशी एक खोटं बोललेय. ते तुला कळलं होतं, हे मला माहीत आहे. तरी माझ्या तोंडानं सांगायचं राहिलं, ते राहिलंच.

सातवीत होते मी. भोईवाड्यातल्या आपल्या दोन खोल्या, त्यात आईबाबा, मी आणि तू. गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. साचेखात्यात माग दुरुस्त करणारे तुझे हात आता दादरच्या एका दुकानात शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. एकदा एका शिंप्याकडे मशीन पोचवायला गेलास आणि येताना त्याच्या मुलानं टाकून दिलेला टीव्ही गेम घेऊन आलास. एक डबा, दोन रिमोट आणि एकुलती एक डिस्क, तीही कुस्तीची. म्हणजे ती परदेशी कुस्ती, दोऱ्या बांधलेल्या चौकोनात दोन धिप्पाड गडी एकमेकांना उचलून आपटतात ती.

तू लाल मातीतला माणूस. लालबागच्या व्यायामशाळेत घडलेला, गिरणी-गिरणीच्या कुस्त्यांत नाव काढलेला. मला वाटलं, तू नाक मुरडशील. तू तुझं स्टूल ओढून माझ्या मागे बसलास आणि दहा मिनिटं नुसता बघत राहिलास. मग विचारलंस, "तेका किती लागला?"

"खूप," मी म्हणाले.

"खूप म्हणजे किती?"

मी बोट दाखवलं. प्रत्येक गड्याच्या नावाखाली एक हिरवी रेघ असायची. मार बसला की ती तोकडी व्हायची, संपली की गडी आडवा. तू उठलास, खिशातून पट्टी काढलीस आणि थेट टीव्हीच्या काचेला लावलीस. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "दादा, शॉक लागेल!" तू तिच्याकडे लक्षच दिलं नाहीस. "साडेतीन इंच. म्हणजे अठ्ठावीस सूत. आता मार."

इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सूत. सुतार आणि फिटर सोडले तर हे माप आता कुणाच्या गावी नसतं. मी त्या दिवशी शिकले. मी बुक्की मारली, तू काचेला नाक लावून वाचलंस, "अर्धा सूत." मी गड्याला खांद्यावर आडवा घेऊन आपटला. "तीन सूत." मग तू मागे वळून बघितलंस. तुझ्या डोळ्यांत असं काही तरी होतं, जणू आजवर कुणी तुला इतकी आवडीची गोष्ट दिलीच नव्हती. "ह्यो आपलो कलाजंग गो, चेडवा! माझो डाव!"

त्यानंतर आपण खेळलो कमी आणि मोजलं जास्त. शाळेतल्या मैत्रिणींना हे सांगायची सोय नव्हती. एक रिमोट पाटावर ठेवून द्यायचा, म्हणजे तो गडी बिचारा नुसता उभा राहून मार खाणार. दुसऱ्या रिमोटनं मी एकेक डाव मारायची, तू पट्टी लावून वाचायचास आणि मी वहीत लिहायची. डावांची पडद्यावरची इंग्रजी नावं तुला मंजूर नव्हती. तू त्यांचं बारसं केलंस. ढाक, मोळी, धोबीपछाड, आतली टांग. ज्याला आपल्याकडे नाव नव्हतं त्याला 'भलता' म्हणायचास. वहीत भलता एक ते भलता अकरा आहेत. वही अजून आहे, मागच्या पानावर आईचा वाण्याचा हिशेब आहे आणि एका पानावर तुझ्या चहाच्या कपाचं गोल.

एकच डाव लागोपाठ मारला, की पहिल्यांदा तीन सूत जायची, दुसऱ्यांदा अडीच, तिसऱ्यांदा दोन. मला वाटलं माझंच काही तरी चुकतंय. तू मात्र मांडीवर थाप मारलीस. "बरोबर! एकच डाव तिसऱ्यांदा पुरो कोण खातलो? माणूस शिकता!" पायाला मार बसून बसून तो पाय कामातून गेला, की त्याच पायावरचा साधा डावही जास्त कापायचा. "बरोबर!" मोठ्या चणीच्या गड्याला तोच डाव कमी लागायचा. "बरोबर!" ज्यानं हा गेम केला त्यानं एकदा तरी माती खाल्ली असणार, असं तुझं मत झालं. तू त्या न पाहिलेल्या माणसाला वस्ताद म्हणायला लागलास.

आणि मग एका दुपारी तुझी नजर दुसऱ्या रेघेवर गेली. पाडणाऱ्याच्या. मी कलाजंग मारला, खालच्याची तीन सूत गेली. "परत मार," म्हणालास आणि या खेपेला पट्टी वरच्याच्या रेघेला लावलीस. मी मारला. तू पट्टी हलवलीस, चष्मा पुसलास, परत मारायला लावलंस. असं पाच वेळा. वरच्याचा केसही वाकडा झाला नव्हता.

"ह्या खोटा," तू म्हणालास.

मी म्हटलं, मामा, त्यानं मारलंय, त्याला कसं लागेल? तू पट्टी खिशात घातलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू रोजच्यासारखा ओणवा झालास आणि मला हाक मारलीस. रोज सकाळी तू कमरेतून वाकून बोटं जमिनीकडे न्यायचास आणि बोटांची टोकं नि लादी यांच्यात किती अंतर उरतं ते घरातल्या कुणाला तरी पट्टीनं मोजायला लावायचास. मी समजत होते, हा तुझ्या व्यायामाचा प्रकार असेल. त्या दिवशी माझ्या हातात पट्टी दिलीस. चार इंच दोन सूत भरलं. मग सांगितलंस, तुझ्या शेवटच्या कुस्तीत समोरचा गडी तुझ्या दीडपट होता, तू त्याला कलाजंगावर घेतलास, चितपट केलास, लोकांनी तुला खांद्यावर घेऊन नाचवलं. आणि त्यांच्या खांद्यावरून उतरलास तो परत कधी जमिनीवर मांडी घालून बसला नाहीस. "पडलेलो गडी दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. मी म्हयनोभर खाटेवर. पाडणाऱ्याक पण लागता, चेडवा. बक्षिसाची ढाल गावता म्हणान कोण बोलणत नाय, इतक्याच."

मी बारा वर्षांची आगाऊ कार्टी. मी म्हटलं, "असं केलं तर कुणी कुणाला उचलणारच नाही. दोघं नुसते उभे राहतील. मग खेळायचं काय?"

"इचार करून उचलूचा," तू म्हणालास.

हेच ते आपलं भांडण. तेव्हा सुरू झालं, पुढे पंचवीस वर्षं चाललं, आणि माझ्याच हातात असताना मी ते मिटवलं नाही.

मधेच तुला घोडपदेवची आठवण करून देते, म्हणजे हे लिहिताना तुझा पडलेला चेहरा डोळ्यांसमोर येणार नाही. माझ्या वर्गातला बंटी तिथे राहायचा. त्याच्याकडे तोच गेम. मी शान मारली की आमच्याकडे कलाजंगाला तीन सूत जातात. तो घरी जाऊन मोजून आला आणि भर वर्गात म्हणाला, चार जातात, तुझा मामा येडा आहे. मी घरी येऊन तुझ्या कानावर घातलं. तू जेवण अर्धवट टाकून पायात चपला सरकवल्यास. आपण दोघं चालत घोडपदेवला गेलो. बंटीच्या घरी चहापाणी झालं, त्याच्या आईनं कौतुकानं टीव्ही लावून दिला, तू पट्टी लावलीस आणि खरंच चार सूत, केसभर कमी. परत मारायला लावलंस. चार, केसभर कमी. तुझा चेहरा लालबुंद. तू उभा राहिलास आणि त्या माउलीला तिच्याच घरात सांगितलंस की तुमची डिस्क डुप्लिकेट आहे, तुमचा पोरगा शाळेत खोटं पसरवतो आणि वस्तादाचं नाव खराब करतो. "कोण वस्ताद?" ती बिचारी विचारत राहिली. मी तुझ्या मागून मान ताठ करून बाहेर पडले.

लालबागपर्यंत तू तरातरा पुढे चालत होतास. मग एका मिठाईच्या दुकानासमोर थांबलास आणि तिथेच रस्त्याच्या कडेला कपाळ धरलंस. "अगो चेडवा... तेंचो टीव्ही मोठो आसा!"

वीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस, आणि त्यानं डाव मोजला पण अख्खी रेघ मोजली नाही! मी हसून हसून फुटपाथवर बसले. तुझं हसणं थांबेना, कमरेत चमक भरली तरी थांबेना. त्याच दुकानातून पेढे घेतलेस आणि आपण तसेच उलट पावली घोडपदेवला गेलो. तू दारातच हात जोडलेस. "वयनी, चुकी माझी. तुमचो टीव्ही मोठो." त्यांना काय कळलं देव जाणे, पण पेढे त्यांनी घेतले. बंटीची रेघ साडेचार इंचाची निघाली. त्या दिवसापासून वहीत आपण सूत लिहिणं बंद केलं आणि 'अठ्ठावीसातले किती' असं लिहायला लागलो. टीव्ही कुठलाही असो, अठ्ठावीसातले तीन म्हणजे तीनच.

मामा, माझी पहिली नोकरी या वहीवर लागली, हे तुला सांगितलं होतं, पण नीट नाही. दादरला गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मुलाखतीला गेले, तेव्हा त्यांनी विचारलं, मार किती बसला हे गेम कसं ठरवतो असं तुम्हाला वाटतं? मी बोलत सुटले. प्रत्येक डावाचा आपला एक मूळ आकडा असणार. मारणाऱ्याच्या ताकदीनं तो वाढणार, खाणाऱ्याच्या चिवटपणानं कमी होणार. आधीच दुखावलेल्या अवयवावर बसला तर वर थोडी भर, तोच तोच डाव मारला तर थोडी काट. समोरच्या माणसानं विचारलं, कुठे शिकलात? मी म्हटलं, भोईवाड्यात. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद करतेय. त्यांच्या कागदावर जे सूत्र होतं, ते तू स्टुलावर बसून, एका पट्टीनं, काचेवरून शोधून काढलं होतंस. कुणाचं इंग्रजी न वाचता. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला, आणि घरी येऊन मी फक्त म्हणाले, "लागली नोकरी." जास्त बोलायची आपल्या घरात पद्धत नाही, पण म्हणून काय झालं, बोलायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं कुस्तीचा गेम करायला घेतला. मोबाइलवरचा, पण आपल्या कुस्तीचा, लाल मातीचा. आकडे सगळे माझ्या हाती. मी तुला ऑफिसात घेऊन आले. तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास, खिशात पट्टी. काचेच्या खोलीत आमच्या चित्रकार पोरांसमोर तू सत्तरीच्या घरातला म्हातारा कलाजंग कसा घेतात ते दाखवायला उठलास आणि मी "मामा, नको, नको" करेपर्यंत एका सडपातळ पोराच्या काखेखाली डोकं घालून त्याचे पाय जमिनीवरून उचललेससुद्धा. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. तू त्याला अलगद खाली ठेवलंस, धाप लागली होती, आणि म्हणालास, "आता माझा पण कापा. बगा, लागला माका."

मी कापलं. खरंच सांगते, आधी कापलं होतं. कलाजंगाला खालच्याचे अठ्ठावीसातले तीन आणि वरच्याचं अर्धं. ढाकेला पाव. प्रत्येक डावाला मी तुझ्या तब्येतीकडे बघून आकडा लावला. मग आम्ही बाहेरची पोरं खेळायला बसवली, ती वैतागली. "मी जिंकतोय, तर माझं का कमी होतंय?" आमच्या वरिष्ठानं मला बोलावून सांगितलं, असं केलं तर कुणी उचलणारच नाही, दोघं नुसते उभे राहतील. शब्द न् शब्द माझा, बारा वर्षांची असतानाचा. मी तुझं उत्तर द्यायला हवं होतं. मला पाठ होतं. मी मान डोलावली आणि जागेवर येऊन सगळीकडे शून्य टाकलं. मोजून चार मिनिटं लागली.

त्या रविवारी घरी आले, तेव्हा तू स्टुलावर बसून कोळंबी सोलत होतास. मान वर न करता विचारलंस, "घातलंस?"

"घातलं," मी म्हणाले.

तुझे हात थांबले. कोळंबीच्या वासाच्या हातांनी तू माझे दोन्ही गाल धरलेस. लहानपणी धरायचास तसे. आणि मी, तुझी चेडवा, तुझ्या डोळ्यांत बघून हसले. मामा, मला त्याची इतकी लाज वाटते की इतके दिवस ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

मी समजत होते की तुला कळणार नाही. फोनवरची रेघ नखाएवढी, तिच्यावर पट्टी काय लावणार! तू फोन घेऊन खेळायचास, चष्मा कपाळावर, फोन नाकाला. मी विचारलं, कसं वाटतं? "बरा आसा," एवढंच म्हणालास. 'बरोबर' म्हणाला नाहीस. ते माझ्या कानावर तेव्हाच पडायला हवं होतं.

मग तू पडलास. न्हाणीत घसरायचं निमित्त झालं, अर्धांगवायूनं गाठलं आणि खाटेला खिळलास ते कायमचाच. आईच्यानं तू उचलला जाईना, म्हणून मी वडाळ्याच्या माझ्या घरून ऑफिसच्या आधी रोज यायला लागले. पहिल्या दिवशी मी तुझ्या बगलेत हात घालून ओढायला लागले, तर तू ओरडलास. "गोणी आसंय काय मी? नीट शिक." आणि खाटेवर पडल्या पडल्या तू मला कलाजंग शिकवलास. खाली वाक, डोकं माझ्या काखेत घाल, एक हात मांडीखाली, आणि उठायचं ते पायांच्या जोरावर, कमरेच्या नाही. तू माझ्या मानेवर यायचास, हाडांचा सापळा झाला होता तरी जड होतास. खुर्चीत ठेवलं की म्हणायचास, "चित!" दोन महिने रोज सकाळी आपण एक कुस्ती खेळलो. रोज मी जिंकले. तू गेल्यापासून सकाळी साडेसातला माझे हात रिकामे असतात, त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही.

पायांच्या जोरावर उठायचं हे मला कधी जमलं नाही. तुझ्या जाण्याच्या चार दिवस आधी तुला खुर्चीत ठेवलं आणि माझ्याच कमरेत अशी कळ आली की मी भिंत धरली. तुझी पाठ माझ्याकडे होती, तरी तुला कळलं.

"काय झाला?"

"काही नाही."

"काय नाय म्हणजे किती?"

मी भिंत सोडून सरळ उभी राहिले. तू हळूच मान वळवलीस. त्या आजारात तुझं हसू एका गालावर आलं होतं. "गेमातल्यासारख्या काय नाय?" म्हणालास.

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तेव्हाच तुझ्या पायाशी बसून सांगायला हवं होतं, की हो मामा, शून्य आहे, मी घाबरले, मी खोटं बोलले. चांगली संधी आयती चालून आली होती. मी म्हटलं, "चहा ठेवते," आणि आत गेले. चहाला उकळी येऊन तो उतू गेला तरी मी तिथेच उभी. बाहेर आले तर तुझा डोळा लागला होता. नंतरचे चार दिवस मी रोज ठरवायची, उद्या सांगू. मग उद्या संपले.

तेराव्याला तुझे व्यायामशाळेतले दत्तारामकाका आले होते, तेच ते कान मोडलेले. जेवून हात धुताना मला म्हणाले, "तुझ्या मामाला तुझं भारी कौतुक. सगळ्यांना सांगायचा, माझ्या भाचीनं गेमात पाडणाऱ्यालाही लागतं असं केलंय. जगात कुणी केलं नाही ते केलंय. आम्ही माझ्या नातवाच्या फोनवर खेळून बघितलं. म्हटलं, अरे, कुठे कापतंय? काहीच कापत नाही."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. "मग काय म्हणाला?"

"म्हणाला, तुमचो फोन बारको. तेच्यात दिसूचा नाय."

मामा! घोडपदेवच्या माउलीला तिच्याच घरात खोटं म्हणणारा तू. केसभर फरकासाठी जेवणाच्या ताटावरून उठणारा तू. आयुष्यात एकदाही माप चुकीचं सांगितलं नाहीस, आणि माझी लाज राखायला भर व्यायामशाळेत, तुझ्या सगळ्या दोस्तांसमोर धडधडीत खोटं माप सांगितलंस. तेही आपलीच जुनी चूक वापरून. दत्तारामकाका गेल्यावर मी न्हाणीत कडी लावून घेतली आणि तेव्हा कुठे रडले. रडताना हसूही येत होतं. बाहेर आई घाबरून दार वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले आणि वरिष्ठाला सांगितलं, "बाकीचे डाव तुझ्या मनासारखे राहू देत, कलाजंग माझा." तो म्हणाला, पोरं ओरडतील. मी म्हटलं, "इचार करून उचलतील." त्याला मालवणी कळत नाही, पण माझा अवतार बघून त्यानं वाद घातला नाही. मी शून्य खोडलं आणि अर्धं लिहिलं. अठ्ठावीसातलं अर्धं. गेला आठवडाभर तक्रारी येतायत. 'कलाजंग मारला की माझीच ताकद कमी होते, चूक दुरुस्त करा.' सगळ्यांना मी एकच उत्तर पाठवते, की चूक नाही, पाडणाऱ्यालाही लागतं. एका पोरानं परत लिहिलं, 'किती?' मला वाटलं, हा तुझ्या गोत्रातला दिसतो. त्याला नीट आकडा कळवला.

एवढं झालं. घातलं, मामा. या वेळी खरंच घातलं.

आता तुझ्या त्या प्रश्नाचं. 'काय नाय म्हणजे किती' याचं उत्तर मी देऊ शकले असते, तुझ्याच पद्धतीनं. तू गेल्यावर दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी इथे येते, ओणवी होते आणि आईला पट्टी धरायला लावते. पहिल्या दिवशी पाच इंच एक सूत भरलं. बोटं लादीपासून इतकी लांब की आईनं दोनदा बघितलं. लागलं मला, मामा. तुला उचलताना लागलं, भरपूर लागलं, आणि मी एकदाही तुझ्यासमोर आई गं म्हटलं नाही, कारण तू उद्यापासून उचलू दिलं नसतंस.

हळूहळू कमी होतंय. काल पाच इंच होतं. आज आई खाली वाकून पट्टीकडे बराच वेळ बघत होती. मग आनंदानं म्हणाली, "अर्धं सूत कमी गं! बरी होतेयस तू."

मी वहीत लिहिलं. पण मामा, मला एवढ्यात बरं व्हायचं नाहीये.